जुन्या चेन-सॉचा तुटलेला स्टार्टर : दुरुस्ती व घ्यावयाची काळजी



३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ धडकले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील नारळ, सुपारी, आंबा व काजूच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळाने कोकण किनाऱ्याला पुन्हा झोडपले. पडलेली झाडे कुऱ्हाडीने तोडून बाग मोकळी करणे आवाक्याबाहेरचे होते. त्या काळात अनेक बागायतदारांनी पेट्रोलवर चालणारी साखळी करवत म्हणजे चेन-सॉ घेतली, काहींनी घरात पडून असलेली जुनी चेन-सॉ पुन्हा बाहेर काढली. पुढे याच यंत्रांचा उपयोग जुन्या, उंच वाढलेल्या आंबा बागांच्या पुनरुज्जीवनासाठी, वाळलेल्या फांद्या काढण्यासाठी व जळाऊ लाकूड तोडण्यासाठी होऊ लागला. आता ही यंत्रे जुनी झाली आहेत व त्यांचे सुटे भाग तुटू लागले आहेत.

चेन-सॉमध्ये वारंवार मोडणारा भाग म्हणजे स्टार्टर. हा भाग स्वस्त असतो व त्याची दुरुस्ती थोडी माहिती असलेल्या शेतकऱ्याला घरी करता येते. मात्र तो तुटल्यावर केलेली घाईची जोडाजोड अपघाताला आमंत्रण देते. निसर्ग वादळानंतर आमच्या घरच्या बागेत हेच घडले. काकांची चेन-सॉ तेव्हाच पाच-सहा वर्षे जुनी होती. तिसऱ्या दिवशी स्टार्टरची दोरी तुटली. दुकाने बंद असल्यामुळे काकांनी मासेमारीच्या सामानातील हिरवी प्लॅस्टिकची दोरी बांधली. ती दोन दिवसांत घासून गेली व मधेच अडकू लागली. मग यंत्र एका हाताने खाली झोकायचे व दुसऱ्या हाताने मूठ वर ओढायची, असा प्रकार सुरू झाला. एकदा इंजीन सुरू होताच साखळी फिरली आणि काकांच्या गुडघ्याजवळची विजार फाटली. कातडीला ओरखड्यावर निभावले. नंतर घाईने स्टार्टर उघडताना आतील स्प्रिंग उसळून प्रस्तुत लेखकाच्या भुवईला लागली. दोन्ही प्रसंग टाळता आले असते. म्हणून स्टार्टरची रचना, त्यातील बिघाड ओळखण्याची रीत व दुरुस्तीची पद्धत या लेखात दिली आहे.

स्टार्टरची रचना

यंत्राच्या बाजूला, क्लचच्या विरुद्ध अंगाला, स्टार्टरचे झाकण असते. या झाकणात पुढील भाग असतात.

१) दोरी व मूठ : दोरी नायलॉनची व विणीची असते. तिची जाडी लहान यंत्रात ३ ते ३.५ मि.मी. व मोठ्या यंत्रात ४ ते ४.५ मि.मी. असते.

२) पुली : हिच्यावर दोरी गुंडाळलेली असते.

३) मोठी स्प्रिंग : चपट्या पोलादी पट्टीची, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ओढलेली दोरी परत आत घेण्याचे काम ती करते.

४) खिट्या : मेकॅनिक यांना पॉल म्हणतात. काही यंत्रांत त्या फ्लायव्हीलवर, तर काहींत पुलीवर असतात. सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे त्या एकाच दिशेने पकड घेतात. दोरी ओढली की पुली व फ्लायव्हील जोडले जातात आणि इंजीन सुरू झाल्यावर पकड सुटते.

५) दोरीचा बुश : झाकणातून दोरी जेथून बाहेर येते तेथील गुळगुळीत कडे.

बिघाड कसा ओळखावा?

झाकण उघडण्यापूर्वी लक्षण नीट पाहावे. त्यामुळे निम्मे काम सोपे होते.

• दोरी सहज ओढली जाते, पण इंजीन फिरत नाही : खिटी तुटली, भुशामुळे अडकली किंवा पुलीचे दाते झिजले.

• दोरी ओढली जाते, पण परत आत जात नाही : मोठी स्प्रिंग तुटली, खाचेतून सुटली किंवा तिचा ताण कमी झाला.

• मूठ एका बाजूला लोंबते : स्प्रिंगचा ताण कमी पडतो.

• दोरी दर काही दिवसांनी एकाच जागी तुटते : बुश झिजून त्याला धारदार कड आली आहे.

• दोरी अजिबात ओढली जात नाही : दोष स्टार्टरमध्ये किंवा इंजिनात असू शकतो. झाकण सोडवून दोरी ओढून पाहावी. दोरी मोकळी फिरली तर दोष इंजिनाचा समजावा. अशा वेळी जोर लावू नये. स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील हाताने हळू फिरवावे. प्लग काढल्यावर फिरले तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असण्याची शक्यता असते. तरीही फिरले नाही तर पिस्टन धरला असावा. हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावे.

दुरुस्तीपूर्वीची तयारी

यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. स्विच बंद करून प्लगची टोपी काढावी. साखळीवर म्यान चढवावे. ब्रशने झाकणाभोवतीचा भुसा व तेलकट मळ स्वच्छ करावा. काम सावलीत, स्वच्छ कापड किंवा गोणपाट अंथरून करावे. स्क्रू व वायसर काढलेल्या क्रमाने एका वाटीत ठेवावेत. प्रत्येक भाग सुटा करण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवल्यास स्प्रिंग व दोरी कोणत्या दिशेने गुंडाळली होती याचा घोळ होत नाही. डोळ्यांवर चष्मा व हातांत जाड हातमोजे अवश्य घालावेत. गुंडाळलेल्या पोलादी स्प्रिंगमध्ये बराच जोर साठलेला असतो, हे विसरू नये.

दोरी बदलण्याची पद्धत

१) झाकणाचे स्क्रू सोडवून झाकण अलग करावे.

२) स्प्रिंगचा ताण काढावा. दोरी पूर्ण तुटून पुली मोकळी फिरली असल्यास ताण आपोआप गेलेला असतो. दोरी केवळ विरलेली असल्यास ती सुमारे ३० सें.मी. बाहेर ओढून पुली अंगठ्याने घट्ट धरावी, पुलीच्या खाचेतून दोरीचा फास वर काढावा आणि पुली हळूहळू उलटी फिरू द्यावी. ही पायरी कधीही गाळू नये.

३) मधला स्क्रू किंवा चाप काढून पुली हळुवार वर उचलावी. उचलताना ती थोडी डावी-उजवीकडे हलवावी म्हणजे स्प्रिंगचे आतील टोक पुलीतून सुटते व स्प्रिंग जागेवर राहते.

४) तुटलेल्या दोरीचे सर्व तुकडे जोडून लांबी मोजावी. बऱ्याच यंत्रांत ती सुमारे ९० सें.मी. ते १ मीटर भरते. तुकडे विरून गेले असतील तर यंत्राच्या पुस्तिकेतील माप घ्यावे.

५) नवीन दोरी त्याच जाडीची व लांबीची घ्यावी. जाड दोरी पुलीत मावत नाही, बारीक दोरी पुलीच्या कडेला उतरून अडकते. पिळाची, सुती किंवा हिरवी-निळी प्लॅस्टिकची दोरी वापरू नये. अशी दोरी घर्षणाने लवकर विरते किंवा वितळते.

६) दोरीची टोके ज्योतीवर किंचित वितळवून बोटाने नव्हे, तर पक्कडीने दाबावीत. हे काम यंत्र व पेट्रोलच्या डब्यापासून लांब जाऊन करावे.

७) एक टोक पुलीच्या छिद्रातून ओवून घट्ट गाठ मारावी. गाठ पुलीच्या खोबणीत पूर्ण बसली पाहिजे. दुसरे टोक बुशमधून बाहेर काढून मुठीत ओवावे व गाठ मारावी.

८) पुलीच्या आसावर पातळ तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. ग्रीस भरू नये, कारण त्याला भुसा चिकटतो. पुली बसवून हळू फिरवावी. स्प्रिंगचे टोक खाचेत अडकल्याचे हाताला जाणवते. नंतर मधला स्क्रू किंवा चाप बसवावा.

स्प्रिंगला ताण देणे

दुरुस्ती बिघडते ती बहुतेक याच ठिकाणी. पुली व बुश यांच्यामधील दोरीचा फास करून तो पुलीच्या खाचेत धरावा. दोरी ओढल्यावर पुली ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, या फासाच्या साहाय्याने, पुलीला फेरे द्यावेत. यंत्राप्रमाणे तीन ते सहा फेरे लागतात. पुस्तिकेत संख्या दिली असल्यास तीच पाळावी. नंतर पुली अंगठ्याने धरून ठेवून फासातील दोरी बाहेर ओढून सरळ करावी व मूठ धरून दोरी सावकाश आत जाऊ द्यावी.

आता दोन चाचण्या घ्याव्यात. पहिली, मूठ झाकणाला सरळ टेकून बसली पाहिजे. ती लोंबत असेल तर एक फेरा वाढवावा. दुसरी, दोरी पूर्ण बाहेर ओढलेली असताना पुली त्याच दिशेने आणखी किमान अर्धा फेरा फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर स्प्रिंग शेवटपर्यंत ताणली जात आहे, असे समजून एक फेरा कमी करावा. या दुसऱ्या चाचणीकडे दुर्लक्ष केल्यास नवी स्प्रिंगही थोड्याच दिवसांत तुटते.

झाकण बसवताना मूठ थोडी ओढून धरावी, म्हणजे खिट्या पुलीत नीट बसतात. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. प्लॅस्टिकमधील आटे लवकर मरतात, म्हणून जास्त जोर लावू नये.

स्प्रिंग तुटल्यास

स्प्रिंग मध्येच तुटली असेल तर ती बदलण्याशिवाय उपाय नाही. नवीन स्प्रिंग बहुधा तारेच्या किंवा पत्र्याच्या चौकटीत गुंडाळून मिळते. ती चौकटीसह जागेवर ठेवून बाहेरचे टोक झाकणातील खुंटीला अडकवावे व अंगठ्याने दाबून धरत चौकट काढावी. स्प्रिंग सुटून बाहेर आल्यास बाहेरचे टोक प्रथम अडकवून एक-एक वेढा आत दाबत, मूळच्या दिशेनेच गुंडाळावी. हे काम एकट्याने करण्यापेक्षा मदतीला कोणी असलेले बरे.

काही वेळा स्प्रिंगचे फक्त टोकाचे आकडे तुटते. अशा वेळी ऐन हंगामात काम अडू नये म्हणून तात्पुरता उपाय करता येतो. टोकाकडील एक ते दीड सें.मी. भागच ज्योतीवर लाल करावा. त्यामागचा भाग पक्कडीत धरावा, म्हणजे उष्णता पुढे पसरत नाही. टोक लाल असतानाच वाकवून पहिल्यासारखे आकडे करावे व आपोआप थंड होऊ द्यावे. तापवलेल्या पोलादाचा पोलादीपणा कमी होतो. त्यामुळे ही स्प्रिंग फार दिवस टिकत नाही. नवीन स्प्रिंग मागवून ठेवावी व मिळताच बदलावी.

खिट्या, पुली व झाकण

खिटीचे टोक गोल झाले असेल तर ती कानशीने घासून धार लावू नये. तिची लांबी कमी होऊन पकड आणखी सुटते. दोन खिट्या असल्यास दोन्ही एकदम बदलाव्यात व त्यांच्या बारीक स्प्रिंगाही तपासाव्यात. खिट्या केवळ भुशाने अडकल्या असतील तर ब्रशने साफ करणे पुरेसे असते.

झाकणाला तडा गेला असल्यास तड्याच्या टोकाला सुमारे २ मि.मी.चे छिद्र पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. ही झाकणे बहुधा नायलॉन जातीच्या प्लॅस्टिकची असतात व त्यांना एपॉक्सी नीट चिकटत नाही. म्हणून तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे पाडून तांब्याच्या तारेने टाके घालावेत व त्यावर एपॉक्सी लावावी. आतल्या बाजूचा थर फ्लायव्हीलच्या पात्यांना घासणार नाही याची खात्री करावी. स्क्रूची जागा किंवा पुलीचा आस तुटला असेल तर झाकणच बदलावे. मोडीत निघालेल्या त्याच मॉडेलच्या यंत्राचे झाकण मिळाल्यास तेही चालते.

दोरी पुन्हा पुन्हा का तुटते?

तुटलेला भाग बदलला, पण तुटण्याचे कारण तसेच राहिले, तर खर्च वाया जातो. झिजलेला बुश, दोरी तिरपी ओढणे, ती शेवटपर्यंत हिसका देऊन ओढणे व मूठ एकदम सोडून देणे ही नेहमीची कारणे आहेत. मूठ हातात धरूनच दोरी आत जाऊ द्यावी.

याहून महत्त्वाचे कारण म्हणजे इंजीन लवकर सुरू न होणे. तीन-चार ओढींत सुरू होणारे यंत्र वीस-पंचवीस वेळा ओढावे लागले तर दोरी, खिटी, स्प्रिंग यांपैकी काहीतरी मोडणारच. म्हणून स्टार्टर दुरुस्त करताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

• प्लग काळा, ओला झाला असल्यास साफ करावा किंवा बदलावा. बहुतेक चेन-सॉमध्ये प्लगचे अंतर ०.५ मि.मी. ठेवतात. पुस्तिकेत वेगळे असल्यास तसे ठेवावे.

• एअर फिल्टर भुशाने बुजला असल्यास साफ करावा.

• पेट्रोलची नळी टोकाला चिरली आहे का, ते वाकवून पाहावे. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या यंत्रातील रबरी नळ्या व कार्ब्युरेटरचे पडदे त्याने लवकर खराब होतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणच्या दमट हवेत मिश्रण महिनाभराहून जास्त साठवू नये. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

• टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. २५:१ प्रमाणासाठी १ लिटर पेट्रोलला ४० मि.लि. व ५०:१ प्रमाणासाठी २० मि.लि. तेल लागते. तेल अंदाजाने ओतू नये. कमी तेलाने पिस्टन धरतो, जास्त तेलाने प्लग काळा पडतो.

हे भाग जोडून वापरू नयेत

स्टार्टर बिघडला तर काम थांबते. पण पुढील भाग बिघडले तर हात-पाय जाऊ शकतो. म्हणून त्यांची तार बांधून, वेल्डिंग करून किंवा चिकटवून दुरुस्ती करू नये. ते त्याच मॉडेलचे नवीन घ्यावेत व ते मिळेपर्यंत यंत्र बंद ठेवावे.

१) चेन-ब्रेक व पुढील हातरक्षक : पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर यंत्र क्षणात चालकाच्या दिशेने उसळते. अशा वेळी साखळी थांबवणारा भाग हाच.

२) चेन-कॅचर : क्लचजवळ खालच्या बाजूचा लहानसा आकडा. तुटलेली किंवा निसटलेली साखळी मागे हातावर येण्यापासून तो रोखतो. तो मोडला तरी यंत्र चालते, म्हणून बरेच जण त्याकडे लक्ष देत नाहीत.

३) ॲक्सिलरेटरचे लॉक : हे बांधून ठेवल्यास चुकून धक्का लागूनही साखळी फिरू शकते.

४) फ्लायव्हील : मोकळे चालताना हे मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. तडा गेलेले किंवा पाते तुटलेले फ्लायव्हील जोडून वापरू नये.

यंत्र सुरू करण्याची योग्य रीत

दुरुस्तीनंतर प्रथम प्लग काढलेल्या स्थितीत दोरी आठ-दहा वेळा ओढून ती सुरळीत परत जाते का ते पाहावे. मग प्लग बसवावा. यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे, चेन-ब्रेक लावावा, साखळी जमिनीला किंवा लाकडाला लागत नाही हे पाहावे. मागील मुठीत उजव्या पायाचा चवडा घालून यंत्र दाबावे, डाव्या हाताने पुढची मूठ घट्ट धरावी व उजव्या हाताने दोरी ओढावी. प्रथम हळू ओढून पकड लागल्याचे जाणवले की मगच झटका द्यावा. यंत्र हवेत झोकून किंवा झाडावर चढलेल्या स्थितीत कधीही सुरू करू नये. स्टार्टर चांगला असला की तसे करण्याची गरजही पडत नाही.

एक मीटर दोरी, एक स्प्रिंग व खिट्यांचा एक जोड पावसाळ्यापूर्वीच आणून यंत्राच्या पेटीत ठेवावा. दोरीचा खर्च मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी आहे. वादळानंतर रस्ते बंद होतात, दुकाने उघडत नाहीत आणि नेमकी तेव्हाच यंत्राची गरज असते. आमच्या घरी आता या वस्तू एका डब्यात असतात व पहिला पाऊस पडण्याआधी काका स्वतः तो डबा उघडून पाहतात. बागायतदार बंधू-भगिनींनीही अशी तयारी ठेवल्यास ऐन वेळी काम अडणार नाही व अपघातही टळेल.